थोरलीचा कौल

लाकडाच्या वखारीमागे हत्तीखाना होता आणि हत्तीखान्याला लागून मोठ्या माहुतांचं घर. मागच्या दारातून बाहेर पडलं की समोरच थोरलीचं कुंपण. थोरली म्हणजे हत्तीण. उभा जन्म ओंडके ओढण्यात गेलेला, वखारीतल्या सगळ्या हत्तींमध्ये वयाने मोठी, म्हणून थोरली. त्या सकाळी माहुतांची सून रोजच्यासारखी चाऱ्याची पाटी घेऊन तिच्याकडे गेली. सून बेकरीवाल्याची लेक. ती या घरात आल्यापासून थोरलीला तिच्या खिशात पाव शोधायची सवय लागली होती, आणि सून माहेरून आलेली असली की तो सापडायचाही. त्या सकाळी मात्र ती कुंपणाशी पोचली तशी थोरलीने मान उंच केली, दोन्ही कान सुपासारखे पसरले, शेपूट ताठ केली आणि ती मागे सरली.

सुनेने हाक मारली, तरी ती पुढे येईना. दारात चहा पीत बसलेल्या मोठ्या माहुतांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या कुठल्याही घरात 'बुजली असेल' म्हणून लोकांनी ही गोष्ट जेवणाच्या आत विसरून टाकली असती. पण माहुतांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक समज होता. हत्तिणीला बाईचं चारित्र्य कळतं. एखादीबद्दल कुजबूज झाली की तिला चार नातेवाइकांदेखत हत्तिणीसमोर उभं करायचं. हत्तिणीने सोंड पुढे केली तर बाई चांगली. कान पसरले तर तिने आपली पिशवी भरावी आणि माहेरची वाट धरावी. याला 'उभं करणं' म्हणत. कुजबूज व्हायला कारण लागतंच असं नाही, त्यामुळे कधी ना कधी उभी केली गेली नाही अशी एकही बाई त्या घराण्यात नव्हती. माहुतांच्या भावाची पहिली बायको अशीच गेली. ती पुढे कुठे गेली, जगली की मेली, हे कुणी विचारलं नाही. पुरुषाला उभं करण्याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांच्या बाबतीत हत्तिणीचं ज्ञान कच्चं असावं.

गंमत अशी, की हत्तीचं अंग वाचण्यात मोठ्या माहुतांचा हात धरणारा कुणी नव्हता. शिकाऊ माहुतांना ते बजावून सांगत, नुसते कान बघून काही ठरवू नका. हत्ती रागावला तरी कान पसरतो, भ्याला तरी पसरतो, आणि ओळखीचं कुणी फार दिवसांनी भेटलं तर आनंदानेही पसरतो. शेपूट बघा, पाय बघा, सोंडेचं टोक कुठे जातंय ते बघा, मग बोला. हा सगळा धडा ओंडके ओढण्यापुरता होता. घरातल्या बाईचा प्रश्न आला की त्यांना फक्त कान दिसत.

त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकायला लागली. माहूत सुनेशी बोलायचे थांबले. तिचा नवरा वखारीत करवतीच्या यंत्रावर काम करायचा. त्याला वडिलांनी संध्याकाळी बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की ती काल दुपारी कुठे गेली होती. शिंप्याकडे, असं ती सांगून गेली होती. मुलाने घरी येऊन तिच्या चपला उलट्या करून पाहिल्या. तळव्यांना चुना लागलेला होता. शिंप्याच्या गल्लीत चुना कुठून येणार? एवढ्या सुतावरून गडी स्वर्गाला पोचला. पण बायकोला त्याने काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, आणि संशयाला उत्तर नको असतं. तो रात्री पाठ फिरवून झोपला. सकाळी तिने डबा भरून दिला तर झाकण उघडून आत नीट पाहून घेतलं, जणू कारण डब्यातच ठेवलेलं असावं.

सून हसली तर कुणाला आठवून हसली, गप्प राहिली तर काय लपवते आहे, लवकर उठली तर झोप का उडाली, असं चाललं होतं. अशा घरात राहणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी माहुतांनी भावाला आणि बहिणीला निरोप धाडला. रविवारी सगळ्यांनी या, सुनेला उभं करायचं आहे.

रविवारी सकाळी सासू स्वयंपाकघराचं दार लोटून सुनेजवळ आली. ही बाई तोंडाने फटकळ, पण त्या आठवड्यात तीही गप्पच होती. सुनेला वाटलं, आता हीसुद्धा विचारणार. सासूने खिशातून साखरेचे खडे काढले आणि तिच्या मुठीत कोंबले.

"तळहाताला चोळून ठेव. थोडी खिशात टाक. सोंड येतेच पुढे."

सून बघतच राहिली. सासूने खालच्या आवाजात सांगितलं, की तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. माहुतांच्या घरात दिलेल्या प्रत्येक मुलीला हे सांगूनच पाठवतात. सून बेकरीवाल्याची, तिला कोण सांगणार? सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती शिंप्याकडे गेली नव्हती, दवाखान्यात गेली होती. तिला दिवस गेले होते. मागच्या वेळी आनंदाने सगळ्यांना आधीच सांगितलं, पुढे ते टिकलं नाही, आणि महिनोन्‌महिने लोकांच्या तोंडी तोच विषय होता. म्हणून या वेळी डॉक्टरांनी खात्री दिल्यावरच सांगायचं तिने ठरवलं होतं. दवाखान्याला चुना लावायचं काम चालू होतं.

सासूला एकदम उलगडा झाला. थोरलीच्या पायाला गळू झालं होतं तेव्हा तीच तिचा कान धरून उभी होती. डॉक्टरने स्पिरिट लावून पायात सुई खुपसली होती. त्या दिवसापासून त्या वासाची थोरलीने धास्ती घेतली होती. त्या सकाळी सून आदल्या दिवशीच्याच कपड्यांत चारा घालायला गेली होती.

"म्हणजे भ्याली होती ती," सासू म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "पण पोटातलं आत्ता बोलू नकोस. आज बोललीस तर विचारतील, कुणाचं."

सुनेने पोटावर हात ठेवला. मग तिने साखरेचे खडे एक एक करून सासूच्या हातात परत दिले.

"आई, आज मी हे लावून सुटेन. मला मुलगी झाली तर तिलाही मीच शिकवायचं का, साखर कशी चोळायची ते?"

कुंपणाशी सगळे जमले होते. माहूत हातात अंकुश घेऊन थोरलीच्या बाजूला, त्यांच्यामागे मुलगा, अलीकडे काका, काकू आणि म्हातारी आत्या. थोरलीला इतकी माणसं आवडत नसत. ती पुढचा पाय हलवत होती आणि सोंडेचं टोक सारखं स्वतःच्या तोंडाशी नेत होती. सून फाटकापर्यंत आली आणि थांबली.

"मी आत येणार नाही," ती म्हणाली.

काका लगेच म्हणाले, की मनात चोर असल्यावर पाय कसा उचलेल. मुलाने मान खाली घातली. माहुतांनी सुनेला शेवटचं विचारलं, येतेस की नाही. नाही आली तर उत्तर मिळालं असं धरू, असंही सांगितलं.

तेव्हा सासू पुढे झाली. तिने खिसा उलटा केला. साखरेचे खडे मातीत पडले.

"मी अशी पास झाले होते," ती म्हणाली. "तुमच्या थोरलीने माझं चारित्र्य नाही बघितलं. साखर बघितली."

माहुतांना काही कळेना. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. आत्याने हातचं काही राखलं नाही.

"मी मीठ चोळलं होतं," ती म्हणाली. "माझ्या वेळी साखर मिळत नव्हती."

काका आपल्या बायकोकडे वळले. ती दोन्ही तळहात कपड्यांना पुसत राहिली. आपली पहिली बायको काकांना त्या क्षणी आठवली असणार. तीही बाहेरच्या घरातली होती, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

माहूत थोरलीकडे वळले. आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांनी तिला माहुताच्या नजरेने पाहिलं. हलणारा पाय, तोंडाशी जाणारी सोंड, ताठ शेपूट. "घाबरली आहे ही," ते हळूच म्हणाले.

"आम्हीही इथे अशाच उभ्या राहिलो," सासू म्हणाली. "आमचं कधी कळलं नाही तुम्हाला."

मग तिने दवाखान्याचं आणि स्पिरिटच्या वासाचं सांगितलं. मुलगा घाईघाईने पुढे आला. दवाखान्यात कशासाठी, काय झालं, असं विचारायला लागला. सुनेने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"त्या रात्री विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही चपला बघत बसलात. आता मला वाटेल तेव्हा सांगेन."

काकांनी घसा खाकरला. अवघडलेली वेळ लवकर संपवायची त्यांना घाई झाली होती. झालं तर मग, गैरसमज होता, सून निर्दोष आहे, आता आत जाऊन चहा घेऊ, असं ते म्हणाले. लोक हलायला लागले. वाचकहो, अशा प्रसंगी नेहमी इथेच सगळं मिटतं. चहा होतो, बाई घरात जाते, आणि प्रथा पुढच्या बाईची वाट बघत कुंपणाशी उभी राहते.

सून जागची हलली नाही.

"मला निर्दोष म्हणू नका, बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "निर्दोष ठरवणारे उद्या दोषीही ठरवतील. मला उभं करायचा तुम्हाला हक्क नव्हता, असं म्हणा. तोवर मी या घरात पाऊल टाकणार नाही."

माहुतांनी अंकुश कुंपणाला टेकवून ठेवला. मग ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

"जरा मोठ्याने," सासू म्हणाली. "मागे आत्याला ऐकू येत नाही."