पिशवीत पडून राहिलेले औषध

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी बाटली आहे. तुमच्या घरातल्या फळीवर मी सापडणार नाही. मी संगणकावरच्या एका गेममध्ये राहते. त्या गेममध्ये एक नायिका आहे, तिच्या पाठीवर पिशवी आहे आणि पिशवीत मी. माझे जवळजवळ सगळे आयुष्य वापराविना गेले. काही वस्तूंना त्याचा अभिमान वाटतो. मला त्याचा वैताग आहे.

डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या वैद्याने मला बनवले. आमच्या गेममध्ये कुणी काही सरळ देत नाही. वैद्य म्हणाला, आधी तो लांडगा मार, मग बाटली देतो. लांडगा मेला आणि मी पिशवीत आले. माझ्या चित्राखाली लिहिले आहे की एका घोटात जीव पूर्ण भरतो, कसलेही विष उतरते आणि अशी बाटली साऱ्या गेममध्ये एकच आहे. याच कौतुकाने माझा घात केला.

हा गेम वसमतच्या नीलाबाई खेळायच्या. त्यांची लेक पुनम लग्न होऊन नांदेडला गेली, तिचा संगणक घरीच राहिला. गुडघ्यांमुळे नीलाबाईंना फार हिंडता येत नसे. जेवणे झाली की त्या संगणकापुढे बसत. पुनमने फोनवरून त्यांना सगळे शिकवले. नायिकेचे नाव त्यांनी नीला ठेवले. तिच्या सोबत्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्याचे नाव टाकले, विश्वंभर. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते नाव तोंडाने कधी घेतले नव्हते. बोटाने लिहायला त्यांची काही हरकत नव्हती.

पण खेळण्याची तऱ्हा ऐका. एक राक्षस सगळे जग जाळायला निघाला होता आणि नीलाबाई कुठल्याशा म्हातारीच्या हरवलेल्या कोंबड्या शोधत होत्या. राक्षसही शहाणा, कोंबड्या सापडेपर्यंत थांबला. लोकांच्या घरात न विचारता शिरायचे, मडकी फोडायची, आतली नाणी उचलायची. घरमालक तिथेच उभा राहून "आज हवा छान आहे" म्हणणार, कारण त्याला दुसरे वाक्यच येत नाही. पिशवीत तलवारी, ढाली, वाळलेले मासे, जखमेवर लावायचा पाला, सगळे कोंबलेले. त्या गर्दीत तळाशी मी.

लढाई पाळीपाळीने व्हायची. आपण बटण दाबेपर्यंत शत्रू मुकाट उभा. विश्वंभरराव शेजारच्या खुर्चीत चहा घेत बघायचे.

"मी इथं चहा पिऊन राहिलो, अन् तू मला अस्वलापुढं काहून ढकलून राहिली?"

"घरात लई जोर दाखविता ना? दाखवा की आता तिथं."

"अगं, पडलो बघ मी! ती बाटली पाज मला."

"पडले तर पडले. लढाई झाली की उठता तुमी. बाटली ऱ्हाऊ द्या. पुढं मोठं संकट आलं तर?"

"मंग हे काय बारकं हाय?"

"तुमी चहा प्या."

प्रत्येक लढाईत हेच. पडद्यावरचे बोट माझ्यावर यायचे, माझे वर्णन वाचले जायचे, आणि बोट पुढे जायचे. पूल कोसळला तेव्हा नाही, गुहेत आग लागली तेव्हाही नाही. आता तरी, असे म्हणून म्हणून मी थकले.

मग दलदलीत नीलाला साप चावला. आमच्याकडे विषाचा नियम वाईट आहे. टाकलेल्या प्रत्येक पावलाला थोडा जीव जातो. पाला त्यावर चालत नाही. नीलाचा चेहरा हिरवा पडला, जीवाचा आकडा उतरत गेला, आणि नीलाबाई म्हणतात, "पुढं गाव असंल. तिथं फुकट उतरंल विष." मी पिशवीत ओरडत होते. बाटलीचे ओरडणे कुणाला ऐकू येणार? शेवटी त्यांनी तिथेच गेम सेव्ह केला.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या. "आज अंगात कणकण वाटून राहिली."

संगणक बंद असतो तेव्हाचे मला काही सांगता येत नाही.

तो पुन्हा चालू झाला तेव्हा बटणावरचा हात वेगळा होता. विश्वंभरराव नीलाबाईंच्या जागेवर बसले होते. त्यांनी एक बटण दाबले, नीलाने एक पाऊल टाकले, आकडा उतरला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यानंतर रोज तेच. चालू करायचे, तिच्याकडे बघायचे, बंद करायचे. नीला उभी राहिली तर तिला काही होत नाही, एवढे त्यांना कळले होते. म्हणून त्यांनी तिला उभीच ठेवली.

आता या माणसाला काय म्हणावे? हाच रोज म्हणायचा, बाटली पाज. आता पाजायचे त्याच्याच हातात होते, तर तो नुसता बसून होता.

एका दुपारी पुनमचा फोन आला. त्यांनी तो संगणकाजवळ ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, जेवलात का?"

"व्हय."

"काय करून राहिले?"

"तुझ्या आईचा गेम लावलाय. खेळत न्हाई, बघून राहिलो. साप चावलाय तिला. चालली तर मरंल."

"मग पिशवीत बाटली हाय ना? ती पाजा."

"तिनं जपून ठेवलीय ती."

"कोणासाठी, बाबा?"

त्यांनी पडद्यावरच्या नीलाकडे बघितले. मग म्हणाले, "तुझ्या लग्नात तिनं ती हिरवी साडी घेतली होती. मोठ्या कार्याला नेसीन म्हणायची. त्या साडीची घडी बायांनी मोडली, तिला न्यायच्या आधी."

"मला माहिती हाय, बाबा. कपाटातून मीच काढून दिली."

विश्वंभररावांनी पिशवी उघडली. तलवारी ओलांडत, मासे ओलांडत ते तळाशी आले. गेमने विचारले, वापरायची का? त्यांनी हो दाबले.

मी नीलाच्या ओठाला लागले. चेहऱ्याचा हिरवा रंग उतरला, आकडा पूर्ण भरला.

"पाजली का?" पुनमने विचारले.

"पाजली," ते म्हणाले. मग त्यांनी बटण दाबले आणि दाबूनच ठेवले. नीला दलदलीतून चालत बाहेर निघाली. आमच्या गेममध्ये सोबती नायिकेच्या मागोमाग चालतो. तोही निघाला.

आता मी रिकामी बाटली आहे. मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला नीट जपा. माझे म्हणणे उलट आहे. आम्हाला पुरे जपलेत, आता वापरा. तुमच्या घरी कपाटात ठेवणीतले कप असतील, ते आज खाली काढा. आई म्हणेल, ऱ्हाऊ दे, पाहुणे आले की काढू. तिचे ऐकू नका. त्यातच चहा ओता आणि पहिला कप तिच्या हातात द्या.