भामाबाईची न वाजणारी खोली

मी बोलतोय, पण गाडी उभी आहे तोवरच. ती चालू झाली की मी गप्प बसतो. असं का, ते कळायला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल.

मी एक कॅम्पर. पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यात ठेवतात ती फिरती खोली. माझ्यात दोघांना झोपता येतं. एक शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे, भांड्यांचं कपाट आहे आणि एवढीशी खिडकी आहे. नवा माणूस आत आला की आधी डोकं आपटून घेतो आणि मग म्हणतो, छान आहे हो.

माझा जन्म एका मोठ्या मोटार कंपनीच्या नावानं झाला. नाव सांगत नाही, उगाच कुणाची अब्रू कशाला काढा. गाड्या ती चांगल्या करायची, पण मला तिनं केलंच नव्हतं. लांबच्या एका शेडमध्ये ठेकेदाराच्या माणसांनी मला घाईघाईत उभं केलं. भुशाच्या दाबलेल्या फळ्या, त्यांना टाचण्या मारल्यासारख्या पिना आणि कोपऱ्यांत डिंकासारखं काहीबाही. माझ्यात एक रात्र झोपून बघावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी कंपनीचा माणूस आला आणि माझ्या कपाळावर चकचकीत अक्षरांची पट्टी बसवून गेला. ती बघून लोक आत वाकून बघायचेच नाहीत. मीही स्वतःला मोठा शहाणा समजायला लागलो, खोटं कशाला बोलू?

माझा पहिला मालक सांगलीचा धवल. त्याची हळदीची पेढी. तो आणि त्याची बायको ओवी मला घेऊन कासच्या पठारावर गेले. जाताना गाणी चालू होती. येताना गादी भिजलेली होती आणि कपाटाचं दार ओवीच्या मांडीवर होतं. धवलनं कंपनीला फोन केला, कंपनीनं दुकानदाराचा नंबर दिला, दुकानदारानं पुन्हा कंपनीचा दिला. चार दिवस हा खेळ चालला आणि मग त्यानं मला गोदामात पोत्यांच्या मागं लोटलं. दोन वर्षं मी तिथं हळदीत पिवळा होत पडलो होतो.

त्या गोदामात पोती भरायला सूरज यायचा. जत भागातल्या धनगराचा पोरगा, स्वतःची पिकअप चालवायचा. एके दिवशी त्यानं माझी खिडकी पुसली, आत बघितलं आणि धवलला विचारलं, ही खोली द्याल का. धवल म्हणाला, ने बाबा, माझी जागा तरी मोकळी होईल. असा मी सूरजच्या गाडीवर चढलो आणि त्याच्या आजीपुढं जाऊन उभा राहिलो.

भामाबाई. सत्तरीची, हाडं तेवढी राहिलेली, आवाज मात्र खणखणीत. दरसाल दिवाळी झाली की तिचा मुलगा बिरदेव दोनशे मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचा, पार साताऱ्याच्या डोंगरांपर्यंत, आणि पावसाच्या आत परतायचा. घोड्यावर सगळं बिऱ्हाड लादून मागं चालायची ती भामाबाई. अशी पन्नास वर्षं चालली. आता घोडं राहिलं नव्हतं आणि गुडघेही साथ देईनासे झाले होते. यंदा तिला गावात एकटीला ठेवायचं घरात ठरत होतं. ते तिच्या जिवाला किती लागलं होतं, हे फक्त सूरजला कळलं होतं. म्हणून तर त्यानं मला आणलं.

पण मी काय केलं? पूजेआधी मला धुवायला नेलं, तर पाइपचं पाणी छतातून थेट आत बसलेल्या म्हातारीच्या पदरावर. तिनं पदर पिळला आणि हसली. दुसऱ्या दिवशी देवाला निघालो, तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर माझं कपाट उघडलं आणि पितळी तपेली तिच्या कपाळावर बसली. रक्त आलं. बिरदेवनं गाडी थांबवायला लावून तिचं कपाळ बांधलं. रागवला नाही, नुसता घाबरला होता.

"आय, तू घरीच ऱ्हा," तो म्हणाला. "घाटात ह्ये खोकं सुटलं तर मी कुणाला त्वांड दावू?"

त्यानंतर ती दोन दिवस नीट जेवली नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाळावर कंपनीचं नाव घेऊन मी उभा, आणि माझ्यापायी एका बाईची वाट बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी तिनं सूरजला एवढंच विचारलं, हे नीट करणारा कोण गावंल का. निघायला पंधरा दिवस उरले होते.

असा मी कुपवाडला नाथाजीच्या शेडमध्ये आलो. टेम्पोच्या बॉड्या बांधण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. त्यानं माझ्यावर बोटाची पेरं वाजवली, एका कोपऱ्यात पाना घातला आणि जरा ओढलं, तर अख्खा कोपरा त्याच्या हातात आला.

"नावाच्या पट्टीला चार स्क्रू, आन् भिताडाला पिना," तो म्हणाला आणि शेडमधल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

नाथाजीनं मला पार उघडंबोडकं केलं आणि चौकोनी लोखंडी नळ्यांचा नवा सांगाडा वेल्डिंगनं उभा करायला घेतला. भामाबाई रोज सूरजबरोबर यायची आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघायची. बघायची म्हणजे काय, बोलायचीच. घोड्यावर बिऱ्हाड कसं बांधायचं, दोन्ही बाजूंना वजन कसं सारखं पाहिजे, घोंगड्याची वरची घडी खालच्या घडीवर आली तरच पाणी कसं बाहेर निथळतं. नाथाजी आधी वैतागला. एवढी वर्षं बॉड्या बांधतोय, आता ही मला शिकवणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं उठून माझ्या नव्या सांगाड्याला हात लावला आणि गदागदा हलवलं. मग कान देऊन उभी राहिली. कुठंतरी पत्रा नळीला लागून खर्र वाजला.

"जे वाजतंय ते घासतंय बाबा," ती म्हणाली. "सामान लादलं की मी घोडं आसंच हालवून बघायची. वाजलं की समदं सोडायचं आन् पुन्यांदा बांधायचं. न्हाईतर घाटात त्येच तुटून पडतंय."

नाथाजीनं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं आपलं स्टूल उचलून तिच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "सांगा मावशी, आजून काय काय करत हुता?"

तिथून माझं भाग्य उघडलं. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी आली. छताचा पत्रा भिंतीच्या पत्र्यावर चार बोटं उतरला. कपाटाला उचलून पाडायची कडी बसली, एका हातानं लागणारी, कारण दुसऱ्या हातात कायम कोकरू असतं. फळ्यांना काठ आले. पाण्याची टाकी डावीकडं होती, म्हणून धान्याचे डबे उजवीकडं गेले. जो सांधा कुणाला कधी दिसणार नाही, तोसुद्धा नाथाजीनं घासून गुळगुळीत केला. असले हात मला जन्मताना मिळाले असते तर!

मग त्यानं माझ्यात वर्तमानपत्रं अंथरली, स्वतः आत बसला, दार लावलं आणि बाहेरून दोन तास पाइप मारायला लावला. आत दोन वेळा चहा झाला. बाहेर आल्यावर त्यानं एक वर्तमानपत्र सूरजच्या हातात दिलं आणि म्हणाला, वाच, कोरडं हाय.

राहिला बिरदेव. त्याची खात्री पटल्याशिवाय काही खरं नव्हतं. परवा निघायचं, आणि तो आज आला. भामाबाईनं स्वतः भांडी लावली, ती तपेलीसुद्धा. मायलेक आत बसले आणि सूरजनं गाडी आष्ट्याकडं काढली. बिरदेवचा तळहात सबंध वाटेवर कपाटाच्या दारावर होता. खड्डे आले, गतिरोधक आले, दार हललं नाही. मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

आष्ट्याहून परतताना मात्र एक आवाज सुरू झाला. टिक. टिक. टिक. भामाबाईनं डोळे मिटले. बिरदेवचा चेहरा पडला. त्यानं केबिनची मागची काच वाजवून गाडी थांबवली.

म्हातारी सूरजच्या खांद्याला धरून उतरली आणि माझ्याभोवती फिरली. प्रत्येक ठिकाणी हलवायची, कान लावायची, पुढं सरकायची. माझ्या कपाळाशी आली आणि थांबली. कंपनीची ती पट्टी सूरजनं हौसेनं पुन्हा लावून घेतली होती. कंपनीनं स्वतःच्या हातानं बसवलेली तेवढी एकच वस्तू माझ्यात होती, आणि तीच वाजत होती.

"काढ रं ह्ये."

"आज्जे, कंपनीचं नाव हाय ते," सूरज म्हणाला.

"नाव आत झोपनार हाय का? मी झोपनार हाय."

सूरजनं पट्टी काढून सीटखाली टाकली. तिथून कुपवाडपर्यंत गाडीत एक आवाज नाही. बिरदेवचा हात दारावरून कधी खाली आला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

नाथाजीनं चार भोकं बुजवली. सूरजनं त्याला म्हटलं, आता तुमच्या शेडचं नाव तरी टाका. तो म्हणाला, कशाला, वाजलं तर घेऊन या. भामाबाईनं कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला, माझ्या कपाळाला लावला आणि मग वाकायला लावून नाथाजीच्याही. तो मोठा माणूस, पण डोळे पुसताना मी त्याला पाहिलं.

"आय," बिरदेव म्हणाला, "तुझं घोंगडं आत टाक. परवा निगायचंय."

या वाटेवरचं माझं हे दुसरं वर्ष. आत्ता आमचा तळ पाटणच्या अलीकडं, ऊस तुटून गेलेल्या रानात आहे. माझ्या दारात दोन कोकरं झोपलीत आणि खिडकीत मिरच्या वाळतायत. रंग उडालाय, चरे पडलेत, पण पाण्याचा थेंब आत आलेला नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. माझ्यासारखा कुणी घ्यायला गेलात तर आधी कपाळ वाचू नका. दाराला धरून हलवा आणि कान द्या.

बरं, बिरदेवनं मेंढरं उठवली. सूरज गाडीत बसलाय. आणि ती बघा, गुडघ्यावर हात ठेवत भामाबाई येतेय. निघण्याआधी रोज मला हलवून बघते. आता मला बोलता येणार नाही. ती ऐकतेय.