पांढऱ्या कापडाचा रंग

सगळे त्यांना मास्तर म्हणत. लेकसुद्धा बाहेर बोलताना मास्तरच म्हणे, घरात मात्र बाबा. एक्याऐंशीव्या वर्षी मास्तरांनी सहा फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास ताणून घेतला आणि जाहीर केलं, की हे आपलं शेवटचं. मोठं स्थिरचित्र, तैलरंगात. लेकीनं डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगलाच वाढलाय, लवकर काढून टाका, असं त्यात लिहिलं होतं. मास्तर म्हणाले, चित्र पुरं होईपर्यंत माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. पुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मांडणीतच आठ दिवस गेले. खिडकीशेजारच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर तांब्याचं मोठं पातेलं, टवका उडालेला निळा जग, कोबीचा गड्डा आणि चार लिंबं. कापड टेबलाच्या कडेवरून जमिनीपर्यंत सोडलं होतं आणि त्याच्या चुण्या हलू नयेत म्हणून टाचण्यांनी टोचून ठेवल्या होत्या. त्या खोलीत झाडू मारायला बंदी झाली. कोबी दर आठवड्याला सडे आणि लेक तेवढ्याच आकाराचा दुसरा मिळवण्यासाठी भाजीवाल्याशी हुज्जत घाली. या घरात कोबीशिवाय काही शिजतच नाही, अशी भाजीवाल्याची खात्री झाली होती.

कोळशाची रेखाटणी मास्तरांनी दोन दिवसांत उरकली. हात अजून तसाच होता. मग टर्पेंटाइननं पातळ केलेल्या तपकिरी रंगाचा पहिला थर आला, सावल्या जागच्या जागी बसल्या आणि लेकीला वाटलं, म्हातारा जिंकला. पितळ उघडं पडलं ते खरे रंग लावायला घेतल्यावर. कापड पांढरं आहे हे मास्तरांना ठाऊक होतं, पण मोतीबिंदूमुळे कॅनव्हासवर ते त्यांना पिवळट दिसे, म्हणून ते त्यात निळा घालत, आणखी घालत. लेक एका शाळेत चित्रकला शिकवायची. ती दुपारी घरी आली तेव्हा ते कापड नीळ जास्त पडलेल्या धुण्यासारखं दिसत होतं, आणि कोबी निळा पडला होता.

सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? तीस वर्षांपूर्वी, पाहुण्यांनी भरलेल्या याच खोलीत, तिची पाच चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली असताना मास्तर म्हणाले होते, हिचा हात चांगला आहे, पण रंगाची नजर नाही. ती उपजत लागते. पाहुणे हसले असते तरी परवडलं असतं. त्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर तिनं स्वतःसाठी ब्रश उचलला नाही. आता ती बावन्न वर्षांची होती, घरात अजून तिला बाळ म्हणत, आणि त्या एका वाक्याचा राग तिनं अजून जपून ठेवला होता.

मास्तर जेवून दोन ते चार झोपत. पहिल्या दुपारी तिनं फक्त कोबी दुरुस्त केला. तैलरंग लवकर वाळत नाही, ही त्यातली सोय. ओला रंग सुरीनं अलगद उचलायचा, खालच्या थराला धक्का लावायचा नाही, आणि मास्तरांचा ब्रश ज्या दिशेनं गेला असेल त्याच दिशेनं खरा रंग भरायचा. दुसऱ्या दुपारी कापड. पांढऱ्यात कणभर पिवळा, सावलीत हिरवट राखाडी. रंग अचूक बसला तेव्हा तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

सकाळी मास्तर चित्रापुढे उभे राहून वैतागत. कापड पुन्हा पिवळं पडलं, म्हणत. हल्ली रंगात मिसळायचं जवसाचं तेलच भेसळीचं येतं. तीन दुकानांची तेलं बदलून झाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लेक मनात म्हणे आणि तोंडातून ब्र काढत नसे. ते सकाळी निळा घालत, ती दुपारी काढे. साडेचार महिने हेच चाललं. पण चित्र वाढत होतं. पातेल्याच्या पोटात खिडकी उमटली. लिंबं उचलून घ्यावीशी वाटू लागली. असं चित्र दोघांपैकी एकट्या कुणाला जमलं नसतं, आणि हे फक्त तिला माहीत होतं.

तिची एकच आशा होती. ऑपरेशन झालं की मास्तरांना दिसेल. एवढा पट्टीचा चित्रकार, आपला रंग कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, हे त्यांना कळणारच. ती काही सांगणार नव्हती. त्यांनीच म्हणायला हवं होतं, की बाळ, तुला नजर आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मास्तरांनी डाव्या कोपऱ्यातल्या चुणीवर शेवटचा हात फिरवला, सही केली आणि ते गाडीत बसले. दवाखान्यातून येऊन लेकीनं पाहिलं, तर चुणी निळीशार. तिनं सुरी उचलली आणि परत ठेवली. राहू दे, तिला वाटलं. दोघांचे रंग शेजारी शेजारी असले तर ओळखायला सोपं जाईल.

पट्टी निघाल्यावर आठवड्यानं मास्तर चित्रापुढे खुर्ची टाकून बसले.

"डॉक्टर म्हणत होता, तुम्हाला रंग दिसत नाहीत," ते म्हणाले. "हे पांढरं बघ. जन्मात असं पांढरं जमलं नव्हतं मला."

मास्तर उठले, वाकले आणि डाव्या कोपऱ्याशी थांबले.

"इथे तू हात लावलास."

त्यांनी हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, आणि तेही न रागावता.

"मी दवाखान्यात असताना, ना? वाटलं असेल तुला, आपणही थोडं करावं. असू दे, बाळ. नजरच नाही, त्याला तू तरी काय करणार?"

साडेचार महिने दाबून ठेवलेलं सगळं तिच्या ओठांशी आलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं; कित्येक वर्षांनी त्यांना पांढरं पांढरं दिसत होतं. खरं सांगूनही त्यांनी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर त्यांच्याजवळ काहीच उरलं नसतं. तिला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"खरवडून काढ. मी रंग कालवून देतो, तू नुसता भर."

त्यांनी पांढऱ्यात कणभर पिवळा घातला. रंग अगदी बरोबर होता. ती सुरी घेऊन कोपऱ्याशी गुडघ्यांवर बसली. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदाच ती त्यांच्या देखत, त्यांच्या परवानगीनं त्या चित्राला हात लावत होती.