पाठ असलेलं माप

"आणखी एक पट्टी लावा," मिस्त्रीची बायको म्हणाली.

त्याने तिच्या नव्या बॉलच्या अंगठ्याच्या भोकात चौथी पट्टी चिकटवली. भोक जरा सैल असलं की आतून पट्टी लावतात. दोनपेक्षा जास्त लागल्या तर भोकच चुकलं समजायचं, असं तोच सगळ्यांना सुनावत असे. बॉल घरंगळवून पिना पाडायच्या त्या बोलिंग क्लबात सत्तावीस वर्षं तो खेळणाऱ्यांच्या हाताचं माप घेऊन बॉलला बोटांची भोकं पाडत होता आणि आपलं माप चुकत नाही, ही त्याची ऐट होती.

बॉल मात्र नामी निघाला होता. बाहेरचं कवच खरखरीत, आतलं वजन मुद्दाम एका अंगाला. बायकोचा जुना बॉल वळवायला मनगट पिळावं लागे, आणि वर्षभराच्या आजारपणाने मनगटात तेवढा जोर ठेवला नव्हता. म्हणून तर हा आणला. पहिल्या फेकीला तो लेनच्या लाकडावर मुद्दाम लावलेल्या तेलावरून निमूटपणे सरळ गेला, जणू वळणं ठाऊकच नाही. तेल संपलं तिथे मात्र एकदम आत घुसला. दहाच्या दहा पिना आडव्या!

"अगं बाई! हा तर स्वतःच खेळतोय," ती हसली. असं हसताना त्याने तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या फेकीला बॉल आधीच निसटला आणि धप्पकन लेनवर आदळला. तिसऱ्या फेकीला तिने तो आवळून धरला, तर उशिरा सुटून कडेच्या पन्हळीत गेला. मग सुरू झाल्या पट्ट्या.

कॅप्टनबाई मागे उभ्या होत्या. रविवारी सामना होता. संघातली तिची जागा त्यांनी वर्षभर राखली होती, पण आज संध्याकाळी यादी द्यायची होती.

"मिस्त्री, माप घेतलं होतंत ना?"

"हिचं? हातच्या काकणाला आरसा कशाला! तोंडपाठ आहे मला."

"हात कुठे तोच राहिलाय?" बायको म्हणाली.

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच त्याला जास्त लागलं. वर्षभर त्याच हातावर त्याने रोज गोळ्या ठेवल्या होत्या. दवाखान्यात रात्र रात्र तो हात धरून बसला होता. आणि मोजायची वेळ आली तेव्हा तो डोळ्यांपुढे आलाच नाही, आला तो जुना. त्याला स्वतःची लाज वाटली.

मागच्या खोलीत त्याने मापाचा बॉल काढला. त्याला लहानमोठी कितीतरी भोकं होती. एकेकात तिचा अंगठा घालून बघत तो खाली खाली येत गेला. नीट बसला तो अगदी शेवटच्या भोकात. शाळेतली मुलं आली की ते लागायचं.

"बायकांच्या बॉलला हे भोक कधी पाडलं नाही मी," तो पुटपुटला.

"मग आता पाडा."

दारातून कॅप्टनबाईंनी विचारलं, "काय करू? नाव लिहू?"

"लिहा की," बायको म्हणाली. "हात बारीक झालाय, खेळ नाही."

मिस्त्रीने मापाचं कोरं कार्ड घेतलं. बाकी सगळ्यांची कार्डं होती, तिचं कधी केलंच नव्हतं. कानामागची पेन्सिल काढून त्याने बोटांची मापं लिहिली, मग अंगठ्याचं.

"सगळ्यांची पेनाने लिहिता. माझं पेन्सिलीने का?"

"अंगावर मांस चढेल ना परत. तेव्हा खोडायला बरं."



"आणि हात आणखी बारीक झाला तर?"

"तरी खोडता येईल," तो म्हणाला. मग मोठं भोक बुजवून नवं पाडायला बॉल पकडीत घट्ट बसवून त्याने आतल्या पट्ट्या एकेक करून काढायला घेतल्या.