शेंडा

छाटणीची कात्री पुन्हा खणकन गच्चीवर पडली, तशी विमलाबाई जिना चढून वर आली.

“धरवत नाही तर कशाला हट्ट करता?”

सावळीराम, तिचा नवरा, पुन्हा कात्रीकडे वाकला. सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून त्याचा पाय घरात ठरत नव्हता. गच्चीवर जायचा, खाली यायचा. मध्येच बस पकडून शहरातल्या द्वारका चौकात जायचा आणि काही न घेता परत यायचा. त्यात हे झाड. पाण्याच्या टबात ठेवलेलं, त्याने स्वतः कुंडीत वाढवलेलं टॅक्सोडियम या दलदलीत वाढणाऱ्या सुरूसारख्या झाडाचं बोन्साय. थंडीत पानं झडली होती. पालवी फुटायच्या आत आकार दिला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं.

“मला द्या. तुम्ही सांगा, मी करते.”

“तुला नाय जमायचं.”

तिने कात्री उचललीच. जळक्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार खालच्या फांद्यांना गुंडाळत ती एकेक फांदी वाकवू लागली.

“हळू! मोडशील!” तो कठड्यापर्यंत गेला, परत आला. “एवढी नको... नाही, अजून खाली घे.”

“एक काय ते ठरवा बाई!”

शेवटी राहिला शेंडा. सरळ, टोकदार, कळसासारखा. येणारेजाणारे त्याचंच कौतुक करायचे. पण कंपनीच्या कामाला बंगलोरला गेला असताना तिथल्या एका बागेत, तळ्यात पाय रोवून उभं असलेलं याच जातीचं म्हातारं झाड त्याने पाहिलं होतं. त्याचा माथा सपाट होता, आणि याचाही तसाच करायचा, असं त्याने आता तिला सांगितलं.

“त्याचा शेंडा कशानं गेला?” तिने विचारलं.

“वाऱ्यानं. नाहीतर वीज पडली असंल.”

“आणि झाड?”

“झाडाला काय झालंय? वरनं आडवं पसरलं. लय मोठं.”

तिने खोडाला कात्री लावली. “इथं?”

तो पुढे वाकला. “थांब... दोन बोटं खाली.”

बोलून तो स्वतःच थबकला. विमलाबाईने आपली दोन बोटं खोडावर टेकवून माप घेतलं आणि कात्री दाबली.

शेंडा पडला. सावळीराम झाडासमोर उकिडवा बसला. मग त्याने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला. अर्धं पाणी टबात गेलं, अर्धं त्याच्याच पायांवर सांडलं. विमलाबाईने ते पाहिलं, आणि तांब्या त्याच्या हातातून न घेता ती तारांचे तुकडे वेचत राहिली.