डाग माझ्यावर नव्हता

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याच्या खोबणीत दाबून धरतात ना, तेच. तीस वर्षं मी एकाच माणसाच्या उजव्या डोळ्यावर राहिलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत. केसाएवढी स्प्रिंग त्यांना माझ्यातून दोरीएवढी दिसे. "हे भिंग नसेल तर मी नुसता हमाल," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी कसा फुगून जायचो!

मास्तरांना रक्तदाब होता, साखरही होती. गोळ्या मात्र खणात पडून. बायकोने, म्हणजे काकूंनी, आठवण करून दिली की म्हणत, "मला काय धाड भरलीय?"

एके सकाळी ते माझ्यावरच खेकसले, "डाग पडलाय याच्यावर!" मला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. महिनाभर हेच. अहो, माझ्यावर धुळीचा कणही नव्हता! पण मला तोंड कुठं आहे? शेवटी त्यांनी मला त्या गोळ्यांशेजारी फेकलं आणि नवं भिंग आणलं. खरं सांगतो, असा संताप आला! पण दुसऱ्याच दिवशी बाहेरून आवाज आला, "याच्यावरही डाग!" माझा राग कुठल्या कुठं पळाला. मास्तरांचा डोळा गेला तर?

काकूंनी खण उघडला. दोन्ही भिंगं आळीपाळीने स्वतःच्या डोळ्याला लावली.

"अहो, दोन्ही लख्ख आहेत."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"एवढं कळतं, की डाग तुमच्या डोळ्यात आहे. चला, दुकान बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

काकूंनी हातात दिलेला मी दवाखान्यातही मास्तरांच्या मुठीतच होतो. मूठ घामाने ओली झाली होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, बाहुली मोठी झाल्यावर आत पाहिलं.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय. साखर आणि दाब, दोघांनी मिळून नसा खराब केल्यात. डाव्यातही सुरुवात आहे."

"काम करता येईल ना?" मास्तरांनी विचारलं.

"उजव्याने बारीक काम आता कठीण. डावा वाचवू या. पण गोळ्या आजपासून, एकही न चुकवता."

आता मी डाव्या डोळ्यावर असतो. तिथं अजून नीट बसत नाही, सारखा घसरतो. मास्तर आधी गोळी घेतात, मगच मला उचलतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चष्मा पुन्हा पुन्हा पुसत असेल, तर तो मागून घ्या आणि काच उजेडात धरा. स्वच्छ दिसली, तर त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या. मास्तरांना मी सांगू शकलो नाही. तुम्ही सांगा.