अडीच महिने मी टीव्ही होते

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात मी अडीच महिने टीव्ही होते. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. त्यामुळे याला बढती म्हणायचं की उतरती कळा, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

माझा नवरा चिन्मय बैहर रोडवरच्या एका वर्कशॉपात आहे. खाणीतलं पाणी उपसणारे पंप तिथे दुरुस्तीला येतात. पुण्याहून अश्विन सर नावाचे संशोधक आले आणि महिनाभर हातात घड्याळ घेऊन फिटर लोकांच्या मागे उभे राहिले. कोण किती वेळ पाना शोधतो, कोण किती वेळ तंबाखू मळतो, सगळं वहीत. फिटरचे हात ग्रीसने भरलेले असतात, त्याला पुस्तकाची पानं उलटता येत नाहीत. म्हणून भिंतीवर टीव्ही लावायचा, फिटरने तोंडाने विचारायचं आणि टीव्हीने पंपाचा नकाशा दाखवायचा, अशी योजना.

फक्त असा टीव्ही अजून जन्माला आला नव्हता. आधी माणसं टीव्हीशी बोलतात कशी ते बघायचं होतं, आणि ते आमच्याच घरी बघायचं ठरलं. बैठकीच्या खोलीत टीव्ही, त्यावर मायक्रोफोन, आणि मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मी. समोरच्याने "टीव्ही, आवाज कमी" म्हटलं की मी बटण दाबायचं. समोरच्याला वाटायचं, यंत्राला समजलं. सगळं बोलणं टेपवर उतरायचं, आणि मी त्याची नोंद लिहायची. घरात हे फक्त चिन्मयला ठाऊक. सासू-सासऱ्यांना सांगितलं होतं की सून कॉम्प्युटरवर अहवाल लिहिते.

नियम एकच. वाक्य "टीव्ही" या शब्दाने सुरू झालं तर ऐकायचं, बाकी सगळा गोंगाट. चाचणी नीट पार पडली तर मला वर्कशॉपात दोन वर्षांचं काम मिळणार होतं, आणि ते मला फार हवं होतं. अबोली तेव्हा आठ महिन्यांची. तिच्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून मी तिचे मुके घेत असे, आणि टाळूपर्यंत पोचले की पुन्हा अंगठा. पण दिवसभरात "हिची शी झाली का" याखेरीज मला कुणी काही विचारत नव्हतं, हेही खरं.

माझे सासरे गुणाकर मामाजी तहसिलीतून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी टीव्हीला पहिल्या दिवसापासून चपराशासाठी राखलेल्या आवाजात हुकूम सोडले. मी निमूट बटणं दाबली. ते बेहद्द खूश झाले आणि येईल त्याला सांगू लागले, "भल्ली समजदार चीज आहे. घरातल्या बंद्यायपेक्षा लवकर आयकते."

सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, टीव्हीशी एक शब्द बोलत नसत. त्या मामाजींशीही चारचौघांत थेट बोलत नसत. चाळीस वर्षं घरातल्या सर्वांत लहान जिवाच्या मार्फत कारभार. आधी चिन्मय होता, मग मधली काही वर्षं मांजर, आता अबोली. "अबोले, आबाजीले सांग, वरण थंडं होऊन राह्यलं." मीही मामाजींना जे काही कळवायचं ते तिलाच सांगत असे. पोरीला एक अक्षर बोलता येत नव्हतं, पण घरातलं सगळं टपाल तिच्यामार्फत जायचं.

मामाजी दिवसातून चार वेळा बातम्या लावायचे. दाराशी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलता सोलता सासूबाई म्हणायच्या, "अबोले, सांग तुह्या आबाजीले, तेच ते मंत्री तीन डाव दाखवून राह्यले. दुसरं काही लावा म्हणा." मामाजी समोर बघत राहायचे. मी मागच्या खोलीत नियमाप्रमाणे लिहायचे: गोंगाट. दोन महिने मी माझ्या सासूला गोंगाट म्हणून लिहिलं, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "अबोले, आजीले काही पाहू वाटत नसन का, विचार बरं त्यायले."

आवाज नेहमीचाच होता. पण हेडफोनमध्ये माणूस फार जवळ येतो. मी बटण दाबलं. मंत्री गेले, कुणीतरी बाई लाडू वळू लागली.

मामाजींनी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारून पुन्हा बातम्या मागवल्या, मी दिल्या. मिनिटभराने "अबोले" ऐकू आलं, मी पुन्हा लाडू दिले. त्यानंतर मी बिघडलेच. दोन आठवड्यांत त्रेचाळीस वेळा. मामाजी म्हणू लागले की यंत्र ढिलं झालं. सासूबाई मात्र दाराशी बसायचं सोडून खुर्चीवर बसू लागल्या.

अश्विन सर आले, मागच्या खोलीत बसून नोंदी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्रेचाळीस वेळा टीव्हीने हुकमाशिवाय चॅनल बदललं होतं. चाचणी वाया गेली, माझं कामही. मी म्हटलं, हे हुकूमच आहेत, ऐका. त्यांनी हेडफोन लावले, लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले की काकू तर बाळाशी बोलताहेत. दहा महिन्यांच्या बाळाकडून चॅनल बदलून घेणारी बाई आमच्या घरी नाही, असं मी सांगितलं. तो तुमचा अंदाज, ते म्हणाले.

तेव्हा मला त्यांच्या वहीत वाचलेला महागू फिटर आठवला. त्याच्या नावापुढे सरांनी लिहिलं होतं: पंपाशी बोलतो, रोज अकरा मिनिटं वाया. मी म्हटलं, सर, महागू पंपाशी बोलत नाही. भैयालाल फोरमनने वायसर चुकीचा बसवला की तो पंपावर हात ठेवून म्हणतो, "काय बाप्पा, तुले कोनं उलटा वायसर घातला?" आणि भैयालाल वर न बघता वायसर काढून सरळ करतो. चिन्मय रोज बघतो. याला गोंगाट धराल तर तुमचा टीव्ही त्या भिंतीवर जन्मभर मुका बसेल.

सरांनी हेडफोन काढले. म्हणाले, "ज्यांना ऐकवायचं होतं त्यांनी सांगितलं, तर मानेन."

म्हणजे मामाजी. मी आधी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं.

"म्हणजे बटन तू दाबत होती?"

"हौ."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि पोळी उलटत पुढे म्हणाल्या, "आयकव त्यायले. माह्यं काय जाते."

बैठकीत सरांनी मामाजींना टीव्ही कोण होतं ते सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टीव्हीकडे, दोघंही कचेरीत उशिरा आल्यासारखं. मग त्यांच्याच टीव्हीतून सासूबाईंचा आवाज आला. मंत्री, लाडू, आजीले काही पाहू वाटत नसन का. सरांनी विचारलं, "काका, काकू हे कुणाला म्हणत होत्या?"

"पोरीले," एवढं म्हणून ते सुटले असते. माझं काम तिथेच संपलं असतं आणि त्यांची चाळीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. अबोली माझ्या मांडीवरून त्यांच्या धोतराकडे रांगायला बघत होती, मी तिला धरून बसले होते. मामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मलेच," ते म्हणाले. "पह्यल्या डावापासून आयकू येत होतं."

सरांनी वहीत महागूची अकरा मिनिटं खोडली आणि मला सोमवारी दहाला वर्कशॉपात यायला सांगितलं. तेवढ्यात सासूबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. अबोलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मंग बदलत काहून नव्हते?"

मामाजींनी सवयीने टीव्हीकडे पाहिलं. पण टीव्ही त्यांच्या मदतीला आला नाही. तो जमिनीवर बसून पोरीचं नाक पुसत होता.